वॉटीचा भांग

फोटो मोठे करून रंगवून देणाऱ्या मिस्टर टॉशनं चित्रावरचं कापड मोठ्या झोकात ओढलं. ग्रिझल हात पुसत पुढं झाली, आणि तिला वाटलं, हा माणूस भलत्याच घरचं चित्र इथं घेऊन आलाय.

सोनेरी चौकटीत एक मुलगी होती. गुलाबी झगा, कमरेला निळी फीत, खांद्यावर लोळणाऱ्या केसांच्या गुंडाळ्या, त्यांवर ही भली मोठी रिबीन, आणि हातात बाहुली. डोळे मात्र ओळखीचे होते.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"कोण म्हणजे? तुमचीच की, बाई," टॉश मवाळ आवाजात म्हणाला. धंद्यासाठी ठेवलेला आवाज होता तो. "देवानं नेलेली तुमची लेक. किती गोड उतरलीय बघा."

"मला लेक नाही. मला मुलगा होता. वॉटी."

टॉशनं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "पण अंगात झगा होता."

"चार वर्षांच्या पोराच्या अंगात झगाच असतो! तुम्ही काय कोट-विजार घालूनच जन्माला आलात?"

"ते आम्हालाही कळतं, बाई. झगा मुलग्यालाही असतो, मुलीलाही असतो. म्हणून तर आमचे कारागीर भांग बघतात. डावीकडे भांग असला तर मुलगा, मधोमध किंवा उजवीकडे असला तर मुलगी. अख्ख्या देशात हीच पद्धत आहे. तुमच्या फोटोत भांग उजवीकडे होता."

"तो पत्र्यावरचा फोटो होता. पत्र्यावर सगळं उलटं उमटतं, आरशातल्यासारखं. डावं उजवीकडे दिसतं. फोटोच्या धंद्यातल्या माणसाला हे मी सांगायचं?"

"पत्र्याचे फोटो जत्रेतले लोक काढतात. आमच्याकडे बहुतेक कागदावरचेच येतात," टॉश म्हणाला, आणि पुन्हा त्याच आवाजात, "पण एकंदरीत गोड आलंय ना?"

ग्रिझलच्या हाताशी त्या वेळी काही जड नव्हतं, हे टॉशचं नशीब.

तिचा नवरा निनियन देवमासे मारणाऱ्या जहाजावर होता. गेल्या वर्षीच्या वसंतात तो उत्तरेला गेला तेव्हा वॉटी तीन वर्षांचा होता आणि त्याचे केस खांद्यावर येत होते. त्या बंदरगावात मुलाचं जावळ बापच काढतो. पहिली बट बापाच्या हातून कापली जाते, त्याच दिवशी झगा जाऊन विजार येते, आणि विजारीच्या खिशात पहिलं नाणं बाप टाकतो. निनियन धक्क्यावर म्हणाला होता, "मी आलो की करू सगळं. हिवाळ्याआधी येतोच." पण जहाज आलं नाही. ते बर्फातच हिवाळा काढणार असल्याचा निरोप तेवढा दुसऱ्या एका जहाजाबरोबर आला.

इकडे वॉटी चार वर्षांचा झाला. धक्क्यावरची पोरं त्याला 'वॉटीबाई' म्हणून चिडवू लागली. वॉटी रडत घरी आला नाही, नाकातून रक्त गाळत आला, आणि ज्यानं चिडवलं होतं त्याच्या दंडावर त्याचे दात उमटलेले होते. एका सकाळी तो मासे साफ करायची कात्री घेऊन कोपऱ्यात बसलेला सापडला. कानाजवळची एक बट कापून झाली होती. तेव्हा ग्रिझलनं कात्री काढून घेतली आणि उरलेले केस स्वतः कापले.

जावळाखाली बापाचा भोवरा निघाला. डोक्याच्या मागं, थोडा उजवीकडे, अगदी निनियनसारखा. त्यामुळं केस एकाच बाजूला बसत. त्यांच्या मनाविरुद्ध कंगवा फिरवला की ते ताठ उभे राहत. दर रविवारी चर्चला जायच्या आधी आरशासमोर उभा राहून निनियन त्या भोवऱ्याला शिव्या घालायचा. ग्रिझलनं पाणी लावलं, बदकाची थोडी चरबी चोळली आणि डावीकडे भांग पाडला. वॉटीनं बोटानं तो चाचपून पाहिला.

"बाबांचा आहे?"

"बाबांचाच."

"मग विजार बाबा आल्यावर," वॉटी म्हणाला. "भांग आत्ता."

त्या दिवसापासून वारा सुटला की तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून चालायचा. सासू, एल्स्पेट, ग्रिझलशी कित्येक दिवस बोलली नाही. बाप जिवंत असताना त्याच्याआधी जावळ काढणं तिला अशुभ वाटत होतं.

उन्हाळ्याच्या जत्रेत ग्रिझलनं वॉटीचा फोटो काढून घेतला. फोटोवाल्यानं पत्रा पुसून हातात दिला, तसा वॉटी भडकला. "हा मी नाही! भांग तिकडे गेला!" फोटोवाला खो खो हसला. "आरशात धर, पोरा. आरशात येईल जागेवर." घरी येऊन त्यांनी तो पत्रा खिडकीजवळच्या, निनियनच्या दाढीच्या आरशासमोर धरला. खरंच, भांग जागेवर आला. मग रोज तोच खेळ. "बाबांना दाखवताना आरसा लागेल बरं का," असं वॉटी येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचा.

सप्टेंबरात त्याला घटसर्प झाला, आणि त्यातून तो उठला नाही.

मातीला गेलेले लोक परत निघाले, तेव्हा एल्स्पेट कुणालातरी म्हणाली, "बापाच्या आधी जावळ काढलं. मग दुसरं काय होणार?" हळू आवाजात म्हणाली, पण ग्रिझलला ऐकू जाईल इतक्याच हळू. ते वाक्य ग्रिझल विसरली नाही.

तिच्या मनात आता एकच गोष्ट होती. निनियनला तो भांग दिसला पाहिजे. जावळ का काढलं, कसं काढलं, पोर त्या भांगामुळं किती ताठ चालायचं, हे तोंडानं सांगून कुणाला पटणार? दाखवलं पाहिजे. आणि नेमका तेव्हा टॉश दारात उभा राहिला. ही माणसं मयतीच्या वासावर असतात की काय कोण जाणे, आठवडाभरही जाऊ देत नाहीत. पत्रा लहान आहे, पुसट होईल, आम्ही मोठा करून रंगवून देतो, भिंतीवर कायमचा राहील, असं गोड गोड बोलून तो पत्रा घेऊन गेला. आणि आता ही बाहुलीवाली.

"छान आहे की," शेगडीजवळून एल्स्पेट म्हणाली. तिचे हात लोकरीत होते, डोळे चित्रावर होते. "राहू दे."

"आई, ही मुलगी आहे!"

"त्या वयात मुलगा काय नि मुलगी काय, सगळी सारखीच. माझ्या वेळी पोराच्या डोक्यावर वाडगं पालथं घालायचे आणि बाहेर येतील तेवढे केस कापायचे. कसला भांग नि कसलं काय! तुझ्या सासऱ्याचा लग्नात बरोब्बर मधोमध भांग होता, तेव्हा तीच चाल होती. त्याला कुणी बाई म्हटलं नाही. आमच्या जुन्या पाद्र्याची पोरं सात-सात वर्षांची होईपर्यंत गुंडाळ्या मिरवायची. दर पिढीला नवीन थेरं. उद्या आणखी काही निघेल. त्यासाठी एवढा आकांत?"

"थेरं बदलोत की! वॉटीचा भांग वॉटीचा होता."

"आणि मी सांगते ते ऐक," एल्स्पेटनं सुया खाली ठेवल्या. "निनियननं त्याला कुरळ्या केसांतच पाहिलंय. त्याला हेच ओळखीचं वाटेल. बाहुलीच्या जागी लाकडी घोडा काढून घे, रिबीन पुसून टाक, झालं. जावळाचा विषयच निघणार नाही."

आता ग्रिझलच्या लक्षात आलं. म्हातारीला चित्र आवडलं होतं ते उगीच नाही. त्या गुलाबी झग्यात वॉटीचं जावळ परत आलं होतं. कात्री लागलीच नव्हती. ग्रिझलनं पोराला जे दिलं होतं, नेमकं तेवढंच रंगाखाली गडप झालं होतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या.

"विषय निघेल," ती म्हणाली. "मीच काढणार आहे." मग टॉशकडे वळली. "माझा पत्रा कुठंय?"

"डंडीला, कारखान्यात. मोठं चित्र हातात आल्यावर लहान कोण परत मागतं, बाई?"

"मी मागते."

टॉश आपली टोपी उचलून जो सटकला, तो चहासाठीसुद्धा थांबला नाही. आणि त्याच संध्याकाळी, जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांच्या होडीवरून बातमी आली, की निनियनचं जहाज उत्तरेच्या बेटांजवळ दिसलंय. वारा असाच राहिला तर परवा धक्क्याला लागेल.

दुसऱ्या दिवशी ग्रिझलनं चित्र शालीत गुंडाळलं आणि डंडी शहराची आगगाडी पकडली. डब्यात शाल घसरली. समोरच्या बाईनं मान वाकडी करून पाहिलं. "अगंबाई, किती गोंडस पोर! आईवर गेलीय हो अगदी." ग्रिझलनं चित्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डंडी येईपर्यंत त्या बाईशी चकार शब्द बोलली नाही. बिचारीचा काही दोष नव्हता, पण कुणाकुणाला समजावत बसायचं?

कारखाना म्हणजे काचेच्या छताची एक लांबलचक खोली होती. रांगेनं बायका बसून मोठ्या केलेल्या फोटोंवर रंग चढवत होत्या. रांगेरांगेनं गुलाबी गाल. ग्रिझल चालता चालता बघत गेली. सगळ्या मुलग्यांचे भांग डावीकडे, पट्टीनं आखल्यासारखे. सगळ्यांना एकच हसू. ही पोरं कुणाची होती, कशी चालायची, कुणाला चावायची, याचा पत्ताच नाही.

मुकादम मिस्टर डफस शिष्ट माणूस होता. त्यानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हात चोळले.

"चूक झाली. होते कधी कधी. आम्ही बदलून देऊ. केस आखूड, भांग डावीकडे, हातात खेळण्यातली होडी. पोशाख खलाशाचा देऊ, निळी कॉलर. सध्या मुलांना तोच शोभतो. सगळे तोच मागतात."

"म्हणजे विजार?"

"अर्थात विजार. म्हणजे पुन्हा शंकाच नको."

"त्यानं विजार घातलीच नाही," ग्रिझल म्हणाली. तिचा आवाज चढला, तसे जवळच्या बायकांचे कुंचले थांबले. "बाप आल्याशिवाय घालायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. पोरं त्याला बाई म्हणाली, त्यानं मार खाल्ला, मार दिला, पण विजार मागितली नाही. चार वर्षांचं पोर शब्दाला टिकलं. आणि तो मेल्यावर तुम्ही त्याला विजार चढवणार? कारण सगळे तीच मागतात म्हणून?"

"मग तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

"माझा पत्रा."

"फोटो मोठा झाला की पत्रे पेटाऱ्यात जातात. पेटारे भंगारात. त्यातून कोण शोधणार?"

ग्रिझलनं एक स्टूल ओढलं आणि दाराशी मधोमध बसली. "तुम्ही शोधणार. मी इथंच आहे."

डफसनं शिपायाला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक बाई उठून आली. बोटं रंगानं माखलेली, डोळे लाल. तिचं नाव मिस इमरी.

"ते माझ्या हातचं आहे," ती म्हणाली, आणि माफी मागायच्या ऐवजी तीच चिडली. "माझ्यावर ओरडायला आल्या असाल तर ओरडा. मेलेल्या पोरांचे गाल रंगवता रंगवता माझा दिवस जातो, बाई. झगा दिसला की भांग बघायचा, हात चालवायचा. दुसरं काही बघायला इथं वेळ कोण देतंय?" शेवटचं वाक्य तिनं डफसकडे बघून म्हटलं.

ग्रिझलनं गाडीत बसून या बाईसाठी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं तिनं काहीच माघारी घेतलं नाही, पण बोललीही नाही. "ओरडणं राहू दे," ती म्हणाली. "आता वेळ काढा. पेटारा कुठंय?"

पेटारा जिन्याखाली होता. दोघी गुडघ्यांवर बसल्या. एकेक पत्रा काढून उजेडात धरायचा, बाजूला ठेवायचा. लग्नातली जोडपी, सैनिक, कुत्रा घेतलेली म्हातारी, आणि पोरं, पोरं, पोरं. आई-बापांनी जिवापाड जपलेले चेहरे इथं खिळ्यांसारखे एकत्र ओतले होते. ग्रिझलचा राग आता एकट्या वॉटीपुरता राहिला नव्हता. डफस बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता, आणि त्याला ते बघताना लाजही वाटत नव्हती.

वॉटी तळाशी सापडला. पत्र्याचा एक कोपरा दुमडला होता. वर, डोक्याच्या जरा बाजूला, टांगण्यासाठी खिळ्याचं भोक पाडलं होतं. पण चेहरा शाबूत होता. ओठ दाबलेले, नजर थेट, आणि भांग तिकडे गेलेला. ग्रिझलनं तो शालीआड, छातीशी धरला.

"आणि हे चित्र?" डफसनं विचारलं.

"ही पोरगी तुमची. तुम्हीच जन्माला घातलीत, तुम्हीच सांभाळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज लागलं. दाढी छातीवर आलेला, केस मानेवर लोंबणारा निनियन फळीवरून उतरला, आणि ग्रिझलच्या मागं कुणीतरी लहान उभं आहे का ते बघू लागला. ग्रिझलनं त्याला तिथंच, धक्क्यावर सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिला चाललं नसतं. तो दोराच्या वेटोळ्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

घरी आले तेव्हा एल्स्पेट दारातच होती. लेकाला मिठीत घेऊन ती रडली, आणि रडणं पुरतं संपायच्या आत म्हणाली, "तिनं तुझ्या आधी जावळ काढलं, निनियन. कुणीतरी तुला सांगायलाच हवं. मी नको नको म्हणत होते."

निनियननं ग्रिझलकडे पाहिलं. "का?"

"का? कारण त्यानं स्वतःच कात्री घेतली होती!" ग्रिझल कडाडली. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. "कारण तू बर्फात बसला होतास, आणि इथं पोरं त्याला वॉटीबाई म्हणत होती. त्याच्या जावळाखाली तुझा भोवरा निघाला, तुझाच भांग निघाला, आणि त्यानंतर तो असा चालायचा जसं काही बंदर त्याच्याच मालकीचं आहे. विजारीला त्यानं हात लावला नाही. ती तुझ्यासाठी ठेवली. केसांनी घटसर्प होत नाही, निनियन. माझं चुकलं असं तुला वाटत असेल तर आत्ता सांग, तोंडावर सांग. मातीहून परतताना पाठीमागं कुजबुजू नकोस."

एल्स्पेटनं मान खाली घातली. निनियननं हात पुढं केला, आणि ग्रिझलनं पत्रा त्यावर ठेवला.

"थांब," ती घाईघाईनं म्हणाली आणि खिडकीजवळचा आरसा खिळ्यावरून काढायला धावली. "ते उलटं आलंय. असं नाही कळायचं. आरशात बघावं लागतं, तो सगळ्यांना सांगायचा, बाबांना दाखवताना..." तिचा आवाज फाटला. याच घरात, याच टेबलाशी, आता त्यालाही भांग चुकीच्याच बाजूला दिसणार, या धास्तीनं ती आरसा ओढू लागली.

"राहू दे तिथंच," निनियन म्हणाला.

तो पत्रा घेऊन आरशासमोर गेला, पण त्यानं पत्रा आरशाकडे फिरवला नाही. घंगाळातलं पाणी ओंजळीनं डोक्यावर घेतलं, खिशातला मोडका कंगवा काढला आणि दीड वर्षात ज्यांना कुणी हात लावला नव्हता त्या झिपऱ्यांत भांग पाडला, डावीकडे. मग पत्रा आरशाच्या कडेशी, आपल्याकडे तोंड करून धरला, आणि एकदा पत्र्याकडे, एकदा आरशातल्या स्वतःकडे बघत राहिला.

"उलटं कुठंय?" तो म्हणाला. "आरशात मी मला रोज असाच दिसतो."

ग्रिझल त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. आरशात बापाचा भांग ज्या बाजूला होता, पत्र्यावर पोराचा भांगही त्याच बाजूला होता.

"कुणी पाडला?" निनियननं विचारलं.

"मी."

"चांगला पाडलास." त्यानं पत्रा आरशाच्या चौकटीत खोचला, स्टूल ओढून खिडकीखाली बसला आणि मान पुढं झुकवली. "आई, ती कात्री दे हिला. माझेही असेच काप, ग्रिझल."

एल्स्पेटला जागचं हलायला वेळ लागला. मग तिनं फळीवरची कात्री उचलली, एप्रनला पुसली आणि सुनेच्या हातात दिली.